जाळरेषा

बाल्कनीतून आमचा पाडा नखाएवढा दिसतो.
रोज कणीक मळायच्या आधी मी तो मोजून घेते:
अकरा घरं, एक चिंच, निळी टाकी.

आज टाकीच्या खाली, डोंगराच्या पोटाला,
धुराची शेंडी.
पाड्यावरून ती दिसायची नाही,
मध्ये कड आडवी येते.
मला दिसली, कारण मी खारघरात एकोणिसाव्या मजल्यावर
दुसऱ्यांच्या घरात उभी होते.

गॅस बंद केला. पिठाच्या हातानं फोन लावला.
चांगी म्हणाली, वास येतोय वहिनी, पण कुठून ते कळंना.
म्हटलं, नळीतनं वर चढतोय. वणवा.
कमळूला उठव. बारदानं भिजव. शेरडं सोड.
सिलिंडर ओढून टाकीमागं ने.
आणि आत्याबाईंना विचार, काय करायचं.

शिमगा आठ दिवसांवर.
गवत कमरेएवढं, पापडासारखं.
आमच्या भिंती कारवीच्या, शेणानं सारवलेल्या;
त्या पेटल्यावर विझवता येत नाहीत,
आग त्यांच्यापर्यंत येऊच द्यायची नसते.

मी बोलत राहिले.
डावीकडनं सरकतोय. कुड्यापाशी दोन झाले.
एक थांबला. नाही, खडकामागनं निघाला.
फोनमधून फांद्यांचे फटके ऐकू येत होते,
ओली अंजनी, फट्, फट्,
कुणी गोधडी झोडपावी तशी.
कमळूचा खोकला ओळखला.
बॅटरी अकरा टक्के.

मॅडम व्हिडिओ काढत होत्या.
त्याआधी त्यांनी अग्निशमनला फोनही लावला, खोटं कशाला बोलू.
तिकडून विचारलं, वर गाडी जाईल असा रस्ता आहे का?
मी मान हलवली.
रस्त्याचा अर्ज माझ्या लग्नाच्या आधीचा आहे.

मग आत्याबाईंचा आवाज, फोनपासून लांबून:
वारं कसं हाय, इचार तिला.
मी कठड्याबाहेर हात काढला.
इथं वारं इमारतींमधून फिरून येतं, खोटं सांगतं.
म्हणून धुराकडं बघितलं.
धूर सरळ उभा होता.
पडलंय, म्हटलं. आत्ता.

कडेच्या वर, घरांच्या अगदी जवळ,
एक नवी ठिणगी.
तिच्या शेजारी दुसरी. मग एक ओळ,
कुणी खुरपं ओढत जावं तशी.

बघ, मॅडम म्हणाल्या, स्वतःच लावतात हे लोक.
डोळ्यांनी पाहिलं मी.

मीही पाहत होते.
इथून माणूस दिसत नाही. मला दिसत होतं:
सत्तरीची बाई, लुगडं वर खोचलेलं,
हातात पेटता पेंढा,
घराकडं पाठ करून
आपल्याच शेरडांचं गवत जाळत चाललेली,
वणव्याला खायला काही उरू नये म्हणून.

ती माझी सासू आहे, मी म्हटलं.

मॅडमनी हात खाली केला.
व्हिडिओ चालूच असावा, लाल टिकली दिसत होती.
माझा फोन कधीच मेला होता.
मी तो कानाला लावून उभी होते.

दोन्ही आगी समोरासमोर आल्या,
एकदा उंच झाल्या.
मग नुसता काळोख.

राहिलेल्या पोळ्या मी लाटल्या. किती, ते आठवत नाही.

डोंगराची वाट तापलेली, म्हणून रात्र वॉचमनच्या बायकोजवळ काढली.
चार्जर लावून किती वेळा फोन केला. चांगीचा बंद.

सकाळी सहाला वर गेले. धूर खाली बसलेला,
चिंचसुद्धा मोजता येईना.
कठड्यावर राखेचा पातळ थर.
फडकं उचललं, आणि खाली ठेवलं.
बोट फिरवून नाकाशी नेलं.
गवत. कुडा. करवंदीचा आंबूसपणा.
परत घेतलं, दुसऱ्या टोकाची राख.
गवत.
सारवलेल्या भिंतीचा वास मला ठाऊक आहे.
तो नव्हता.

मॅडम आतून म्हणाल्या, कठडा पुसून घे गं, सगळं घरात येतंय.
उद्या, मी म्हटलं,
आणि लिफ्टचं बटण दाबलं.